केबलवाल्याच्या पुतणीने लपायचं कुठे?

घरात एखादी गोष्ट गुपचूप करायला घेतली की किस्से आपोआप साचायला लागतात. उघडपणे करणाऱ्यांचं बरं असतं, त्यांचं काम होऊन जातं. गुपचूप करणाऱ्यांचं काम होत नाही, नुसते किस्से होतात! माझ्याकडे गेल्या काही महिन्यांत इतके जमलेत, की मृणाल म्हणते, "सायली, हे लिहून काढ, नाहीतर तुला अजून एक आजार होईल." मृणाल माझी कॉलेजची मैत्रीण. ठाण्याला राहते. या सगळ्याची सुरुवात तिच्याच सल्ल्याने झाली, म्हणून तिचं नाव आधीच घेऊन ठेवते. पुढे शिव्या घालायला बरं पडेल.

पहिल्यांदा जे खटकलं ते अगदी बारीक होतं. संध्याकाळी बाबांनी टीव्हीवर इंटरनेटवरचं भजन लावलं. भजनाआधी जाहिरात आली. पांढऱ्या कोटातला एक माणूस थेट आमच्या सोफ्याकडे बघून म्हणाला, "तुमच्याही छातीत विनाकारण धडधडतं का? दारावरची बेल वाजली तरी तुम्ही दचकता का?"

नेमकी तेव्हाच दारावरची बेल वाजली. मी दचकले. हातातल्या बशीतले पोहे सोफ्यावर, सोफ्यावरून बाबांच्या मांडीवर.

आई टीव्हीकडे बघतच राहिली. "अगबाई! ह्याला कसं कळलं?"

ह्याला कसं कळलं ते मला माहीत होतं. दुपारी मी मोबाइलवर जवळजवळ त्याच शब्दांत शोधलेलं.

*

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, घरी सांगायचं ना सरळ. मीही स्वतःला हेच सांगत होते. पण त्याच आठवड्यात आत्याने वर्तकनगरचं स्थळ आणलेलं. आमच्याकडे मुलीला चष्मा असेल तर बघायच्या कार्यक्रमाला तो कपाटात जातो. धडधड कुठल्या कपाटात ठेवणार?

आणि धडधड काही साधी नव्हती. कुकरच्या शिट्टीला दचकणं वेगळं, ते मी लहानपणापासून करते. आता काहीच नसताना व्हायला लागलेलं. भाजी निवडताना, ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून बसलेली असताना. हात गार पडायचे, श्वास अर्ध्यावर अडकायचा, आणि वाटायचं, आता आपलं काही खरं नाही. मला एकच गोष्ट हवी होती. कोणाशी तरी बोलायचं. नाव न सांगता, आणि घरात न कळता.

"मग इंटरनेटवर शोध ना," मृणाल म्हणाली.

हिला काय माहीत आमचं घर! कोपर वेस्टला आमच्या पट्ट्यातलं केबल आणि इंटरनेट म्हणजे माझा सख्खा नंदूकाका. आजोबांची भातशेती होती तिथे आता आमची बिल्डिंग आहे. तळमजल्यावर काकाचं ऑफिस, पहिल्यावर काका, दुसऱ्यावर भाडेकरू, तिसऱ्यावर आम्ही. सगळ्यांना एकच लाइन, एकच वायफाय, एकच पासवर्ड. पासवर्ड सुनंदाकाकीच्या नावाचा. काकी गेल्या वर्षी गेली, पण पासवर्ड बदलायचं कोणी काकाकडे काढलं नाही, काकानेही बदलला नाही.

लोक इंटरनेटवर कंपन्यांपासून लपतात, सरकारपासून लपतात. मला ज्याच्यापासून लपायचं होतं तो रोज सकाळी बनियनवर आमच्या गच्चीत येऊन वायर ओढायचा.

"एक सॉफ्टवेअर आहे," मृणाल म्हणाली. "ब्राउझरच, पण लपून वापरायचा. तू कोण, कुठून आलीस, हे वेबसाइटला कळत नाही. मधल्या कोणाला तू काय बघतेस ते कळत नाही. तीन वेगवेगळ्या देशांतल्या तीन अनोळखी कॉम्प्युटरमधून फिरवून नेतं. आणि फुकट!"

"फुकट? मग त्यात काहीतरी असणार."

"अगं, जगभरातले लोक आपापले कॉम्प्युटर चालू ठेवतात. तुझ्यासारख्यांना लपता यावं म्हणून."

"का?"

"काही लोक चांगले असतात, सायली!" मृणाल वैतागली.

मला ते काही पटलं नाही. पण टाकलं.

*

टाकायला म्हणून खोलीची कडी लावली. पाठोपाठ बाहेरून आई, "कडी का लावलीस?"

"काम आहे."

"कामाला कडी लागते?"

कडी काढली. दार लोटून, लॅपटॉप मांडीवर घेऊन, भिंतीला पाठ लावून बसले. भिंतीला कान असतील तर असोत, डोळे तरी नसतात. मृणाल फोनवर. "आता कनेक्टचं बटण दाब."

"दाबलं की काय होईल?"

"कनेक्ट होईल!"

दाबलं. एक पट्टी यायला लागली, भरत भरत. अर्ध्याच्या पुढे जाऊन थांबली. माझाही श्वास तिच्याबरोबर तिथेच थांबला. पट्टी हलेना, मी हलेना. मृणाल म्हणाली, "थांब, कधीकधी वेळ लागतो." मनात म्हटलं, पकडलं. कुठल्यातरी देशातल्या कुठल्यातरी माणसाने माझी फाइल उघडून शेजारच्याला दाखवली असणार. "ही बघ, कोपरची."

मग पट्टी सरसर भरली. स्क्रीन जांभळी झाली. आता तुम्ही ओळख न देता फिरू शकता, अशा अर्थाचं काहीतरी लिहून आलं. मी श्वास सोडला.

आणि जिन्यातून खालून वरपर्यंत आरोळी आली, "सायलीऽऽ! तुझं नेट यवस्थित चालतंय ना गो?"

काका ही आरोळी रोज मारतो. प्रत्येक मजल्याला मारतो. हे मला माहीत आहे. तरी मी लॅपटॉप उशीखाली घातला आणि त्यावर बसले.

*

या ब्राउझरचा एक नियम आहे. खिडकी पूर्ण मोठी करायची नाही. प्रत्येकाच्या स्क्रीनचं माप वेगळं असतं, आणि वेबसाइट त्या मापावरूनही माणूस ओळखायला बघते. म्हणून तो छोट्या खिडकीत उघडतो, आणि आपण शहाण्यासारखं छोट्या खिडकीतच बघायचं.

मी हे वाचलं, आणि खिडकी मोठी करायच्या बटणाच्या आसपास कर्सरसुद्धा नेईनाशी झाले.

आई चहा घेऊन आली. "एवढी मोठी स्क्रीन, आणि एवढ्याशा चौकोनात काय बघतेस? डोळे जातील," असं म्हणून तिने चहाचा कप डाव्या हातात घेतला, आणि उजव्या हाताने टक्क करून खिडकी मोठी केली.

मी किंचाळले!

आईच्या हातातला चहा हलला. "अगं काय झालं? काय बिघडलं?"

काय सांगणार? आई, तू आत्ता माझं माप जगाला दिलंस?

"काही नाही. चटका बसला."

"चहा माझ्या हातात आहे," आई म्हणाली. मग तिने स्क्रीनकडे बघितलं. त्या दिवशी मी जर्मनीतल्या कुठल्यातरी कॉम्प्युटरमधून बाहेर पडत होते, त्यामुळे वेबसाइटला वाटलेलं मी तिकडचीच. सगळं पान जर्मनमध्ये. आईने डोळे बारीक करून दोन ओळी वाचायचा प्रयत्न केला. "ही कुठली भाषा?"

"जर्मन," मी म्हटलं. खरं तेच बोलले.

आईचा चेहरा असा उजळला, की मला तेव्हाच कळायला हवं होतं.

*

बोलायला कोणी मिळतं का ते शोधायला मला त्यानंतर जो त्रास झाला, तो त्या पांढऱ्या कोटवाल्याला सांगितला असता तर तोच दचकला असता.

लपून गेलं की वेबसाइटला संशय येतो. दारातच थांबवून विचारते, तुम्ही माणूस आहात का? सिद्ध करा. मग नऊ फोटो. यातले झेब्रा क्रॉसिंग असलेले निवडा. निवडले. पुन्हा निवडा. यातले बस असलेले निवडा. यातले जिने. मी जिने निवडत गेले आणि ती वेबसाइट नाही नाही म्हणत गेली. आधीच मनाची ही अवस्था, त्यात एक मशीन पुन्हा पुन्हा सांगतंय, तू माणूस वाटत नाहीस!

आई मदतीला बसली. तिला ती माझी जर्मनची परीक्षा वाटत होती.

"ह्यात झेब्रा क्रॉसिंग कुठंय?"

"आई, पांढरे पट्टे."

"पट्टे आहेत, पण गाड्या थांबल्यात," आई ठामपणे म्हणाली. "हे झेब्रा क्रॉसिंग नसणार."

पुढच्या फोटोत रस्त्याच्या कडेला लाल नळ होता, आगीच्या बंबाला पाणी घ्यायचा. तिकडे असतो. आई त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. "रस्त्यात नळ, आणि बादली लावलेली एकही बाई नाही?"

आई उठून गेल्यावर शेवटी मी माणूस ठरले. आणि सापडलं! ठाण्याला, वर्तकनगरला एक छोटं समुपदेशन केंद्र. फोनवर बोलता येतं. नाव सांगायची गरज नाही. खाली नंबर. मी इतकी खूश झाले, की लॅपटॉप झाकताना ब्राउझरही बंद केला.

हा ब्राउझर बंद केला की सगळं विसरतो. तोच तर त्याचा गुण! काय बघितलं, कुठे गेलात, काही मागे ठेवत नाही. नंबरही ठेवला नाही.

पुन्हा बस, पुन्हा जिने, पुन्हा लाल नळ. या वेळी नंबर पाठच केला. पोळ्या लाटताना पुटपुटत होते, कपडे वाळत घालताना पुटपुटत होते. बाबा आईला हळूच म्हणाले, "पोरगी स्तोत्र म्हणायला लागली. स्थळाचा गुण!"

*

बाबांचा किस्सा मात्र मी कोणाला सांगत नाही. लिहिते आहे, ते वेगळं.

बाबांना लाइटबिल भरायचं होतं. त्यांचा मोबाइल चार्जिंगला. माझा लॅपटॉप उघडा. समोर जांभळा ब्राउझर चालू. मी अंघोळीला. बाबांनी त्यातच बँकेची साइट उघडली आणि नाव-पासवर्ड टाकला.

मी बाहेर आले तेव्हा बाबा खुर्चीत ताठ बसलेले, मोबाइल हातात, चेहरा पांढरा. "सायली, आपल्याला लुटलं गो."

बँकेचा मेसेज आलेला. तुमच्या खात्यात परदेशातून शिरण्याचा प्रयत्न झाला, म्हणून खातं तात्पुरतं बंद. मेसेजमध्ये देशाचं नावसुद्धा होतं. रोमानिया. बाबांनी आत्याला फोन केला, काकाला बोलावलं, दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूंना सावध केलं. दुपारपर्यंत अर्ध्या कोपरला माहीत झालं, की रोमानियाची टोळी उतरलीय.

मी काय करणार? मला सगळं माहीत, आणि एक अक्षर बोलता येईना. बोलले असते तर ब्राउझर आला असता, ब्राउझर आला असता तर कशाला हवा ते आलं असतं. बाबांबरोबर मुकाट्याने बँकेत गेले.

बँकेतल्या मॅडमनी कॉम्प्युटरवर बघून विचारलं, "काका, काल-परवा तुम्ही देशाबाहेर होता का?"

बाबांनी प्रामाणिकपणे आठवून बघितलं.

"कल्याणला गेलेलो."

*

नंदूकाकाचा आवाज माईक न लावता खाडीपर्यंत जातो. लग्नात, मयताला, केबलच्या भांडणात, सगळीकडे तोच आवाज. काकी गेल्यावर तर अजून वाढला. आई म्हणते, रिकाम्या घरात माणूस मोठ्याने बोलायला लागतं.

फक्त दुपारी काका गप्प असतो. जेवणं झाली की ऑफिसचं शटर अर्धं खाली ओढतो, टेबलावरच्या जुन्या लँडलाइनचा रिसीव्हर कानाला लावतो आणि बसून राहतो. कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावलेला असतो. ते होल्डवर ठेवतात. काका एक शब्द बोलत नाही. कोणी वाकून आत बघितलं की नुसता तळहात वर करतो. थांबा, होल्डवर हाय.

एकदा समोरच्या बिल्डिंगमधले जोशीकाका वैतागून शटरखालून ओरडले, "अहो नंदूशेठ, सोडा ती कंपनी, माझी मॅच चालू आहे!" काकाने तळहात वर केला. डोळेही उघडले नाहीत.

आईला त्या कंपनीचा भयंकर राग. "रोज एवढा वेळ माणसाला टांगून ठेवायचं म्हणजे काय? भावजी तरी कसे ऐकून घेतात?"

बाबा म्हणाले, "मना त्या कंपनीला हार घालायचाय. नंदूला इतका वेळ गप्प बसवणारं माणूस आमच्या आईलापण नाय मिळालं."

*

वर्तकनगरची मंडळी बघायला आली. मुलगा, त्याचे आई-वडील आणि एक मावशी. मावशींचा मुलगा परदेशात असतो, हे त्यांनी चपला काढता काढता सांगितलं.

माझे हात गार पडायला सुरुवात झालेली. ट्रे धरलाय म्हणून कोणाला दिसत नव्हतं. श्वास मोजत होते. आत, बाहेर. आत, बाहेर.

"मग दिवसभर घरूनच काम? कंटाळा येत असेल," मुलाची आई म्हणाली.

"छे हो!" आई म्हणाली. "फावल्या वेळात जर्मन शिकते ती!"

माझा श्वास आतच राहिला.

मावशी सावरून बसल्या. "अय्या! आमचा नचिकेत जर्मनीतच असतो. बोल ना गं काहीतरी जर्मनमध्ये! आम्हाला काही कळणार नाही, पण ऐकायला छान वाटतं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आत्याने डोळ्यांनी ढोसलं. कान तापले, समोरची माणसं जरा लांब गेल्यासारखी वाटायला लागली. मला जर्मनमधलं एकच वाक्य येत होतं. लपून गेल्यामुळे ज्या ज्या वेबसाइटने मला दारातून हाकललं, त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलेलं. ते मी हसून, मान जराशी झुकवून म्हटलं.

"त्सुग्रिफ फेअरवायगर्ट."

"वाऽऽ!" मावशी म्हणाल्या. "म्हणजे काय गं?"

"म्हणजे... तुम्हाला भेटून आनंद झाला."

आईने अभिमानाने बाबांकडे बघितलं. मुलाला चहाचा ठसका लागला, तो थांबेचना. त्याच्या आईने पाठीत धपाटे घातले.

मंडळी गेल्यावर त्याचा मेसेज आला. नंबर आत्यानेच दिलेला. "मी कॉलेजला दोन वर्षं जर्मन घेतलेलं. 'प्रवेश नाकारला' असं आजवर इतक्या गोड आवाजात कोणी म्हटलं नव्हतं. मावशीला सांगितलेलं नाही. पुन्हा भेटूया का?"

मी मोबाइल पालथा घालून बसले. आनंद झाला की धडधडतंय, तेच कळेना. आता तर आणखी घाई होती. या मुलाला पुन्हा भेटायचं, तर आधी माझं मला काय होतंय ते कोणीतरी नीट सांगायला हवं होतं.

*

ब्राउझर टाकून बरेच दिवस झाले. मला वाटायला लागलेलं, की निदान तेवढं तरी जमलं. एका सकाळी काका वर आला, खुर्ची ओढून बसला, आणि चक्क हळू आवाजात म्हणाला, "सायली, एक विचारू का गो?"

काका हळू बोलला की समजायचं, कोणीतरी गेलंय.

"मना खाली मशीनवर दिसतं, कोणाच्या मोबाइलचं, लॅपटॉपचं नेट कुठं कुठं जातं. दुसऱ्या मजल्याचं वीस ठिकाणी जातं. पिक्चर, क्रिकेट, शेअर, काय काय. तुझ्या बापाचं भजनाला जातं. सगळ्यांचं असंच, सांडल्यावानी." काकाने हाताने सांडून दाखवलं. "तुझं एकाच ठिकाणी जातं. सरळ. दोरी बांधल्यावानी. आणि तिथनं पुढं काय, ते मना दिसत नाय."

मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला लागले.

"अख्ख्या कोपरमध्ये माझी एवढी कनेक्शनं," काका म्हणाला. "त्यात एकच माणूस लपलंय. ते तिसऱ्या मजल्यावर हाय."

मृणाल! काही लोक चांगले असतात म्हणे! जगभरातल्या सगळ्या चांगल्या लोकांनी मिळून मला अशी लपवली, की गर्दीत मी एकटीच दिसायला लागले. बिनधास्त नेहमीच्या ब्राउझरमध्ये शोधलं असतं तर क्रिकेटमध्ये सांडून गेलं असतं.

मी तोंड उघडलं. पुढे काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं, आणि शब्दही आला नाही. छातीत सुरू झालेलं, ओढणी गच्च धरलेली. काकाने माझ्या हाताकडे बघितलं. नक्की बघितलं. मग उठला, खुर्ची जागेवर लावली. त्याने आजवर कधी खुर्ची जागेवर लावलेली नाही.

"नसंल बोलायचं तर नको बोलू," तो म्हणाला. "पण आधी सांग, जेवलीस का?"

सकाळचे दहा वाजलेले.

*

नंबर पाठ होता. फोन लावायचा धीर होत नव्हता. घरात कोणी नसायचं ते फक्त दुपारी, बाबा कामावर आणि आई भिशीला किंवा शेजारी. त्या वेळात मी मोबाइलवरून लावायचे. दरवेळी एकच, ही व्यक्ती दुसऱ्या कॉलवर आहे. मी सुटल्यासारखी फोन ठेवायचे, आणि मग संध्याकाळभर स्वतःवर चिडायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. वर्तकनगरात अशी किती माणसं आहेत, रोज जेवण झाल्या झाल्या बोलायला बसतात?

मृणालला सांगितलं. ती म्हणाली, "मोबाइलवरून लावतेस? अगं वेडे! लोकांच्या फोनमध्ये ते ॲप असतं, समोरच्याचं नाव दाखवणारं. थांब, तुझं काय येतं बघते." मग ती एवढी हसली, की मी फोन कानापासून लांब धरला.

"काय येतं? सांग ना!"

"सायली केबलवाली कोपर."

एवढे देश फिरून, एवढे जिने चढून, माझं नाव, धंदा आणि पत्ता मी स्वतःच तिकडे पाठवत होते! बरं झालं लागला नाही. देव आहे.

*

मागच्या आठवड्यात कल्याणला हळद होती, बाबांच्या आतेभावाच्या मुलीची. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. दुपारपासूनच सगळे निघाले. आई, बाबा, आत्या, आणि ज्याच्याशिवाय बँजो सुरू होत नाही तो नंदूकाकाही. मी ऑफिसचं काम आहे सांगून मागे राहिले.

"मग खाली बस," काकाने ऑफिसची चावी दिली. "कोणी तक्रार घेऊन आलं, तर सांग काका उद्या येतो."

जिन्यातून उतरतानाच माझ्या लक्षात आलं. काकाच्या ऑफिसात लँडलाइन आहे! तिच्यावरून अर्ध्या कोपरला फोन जातात. तो कोणाचाच नंबर नाही. तिथून लावला तर मी कोणीही असू शकते. एवढे दिवस परदेशातून फिरत होते, आणि लपायची जागा आमच्याच तळमजल्यावर!

शटर अर्धं खाली ओढलं. काकाच्या खुर्चीत बसले. समोर भिंतीवर काकीचा फोटो, ताजा हार. रिसीव्हर उचलला तर त्याला काकाच्या डोक्याच्या तेलाचा वास. हात गार पडलेले, पण नंबर बोटांनाच पाठ होता.

आज बिझी लागला नाही. रिंग जात होती. मी ठेवणारच होते. अजून एक रिंग झाली की ठेवू, असं म्हणत होते.

उचलला.

"बोला, काका," एका वयस्कर बाईंचा आवाज आला. अगदी सवयीचा, निवांत.

मी थिजले. काकीच्या फोटोकडे बघत राहिले.

"बरं," बाई म्हणाल्या. जराही घाई नाही. "नसेल बोलायचं तर नका बोलू, रोजच्यासारखं. मी आहे लाइनवर."

शटरखालून जोशीकाकांनी वाकून आत बघितलं. "काय गं, काका कुठंयत? माझं नेट..."

मी तळहात वर केला.

"पण आधी सांगा," कानात बाई म्हणाल्या, "जेवलात का?"